भीतीच्या पाच वाट्या

हे कुणाला खरं वाटणार नाही, ते मी आधीच सांगून टाकतो. आमच्या ओट्यावर आजवर मी जे जे सांगितलं त्यातलं निम्मं आमच्या केसरलाही पटलेलं नाही, आणि त्यातल्या पुष्कळ प्रसंगांना ती स्वतः हजर होती.

परवा संध्याकाळी नाशिकहून एक मुलगी आली. तेजल तिचं नाव. उन्हाळ्यात वरच्या पाड्याला आग लागली, घरं जळाली, माणसं गेली. तिथल्या पोरांच्या मनात भीती किती बसलीय ते मोजायला तिला पाठवलेलं. पोरांची बोली पावरी, हिची मराठी, आणि हिच्याजवळचे प्रश्न मुळात समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी भाषेत जन्मलेले. मधे एक माणूस हवा, म्हणून कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं. मी सारी उमर डोंगरातल्या बाजारांत मीठ आणि सुकट-बोंबील विकले. पावरी मला येते. म्हणजे इतकी येते की त्या बोलीत मी थाप मारू शकतो, आणि भाषा आल्याची याहून पक्की खूण मला माहीत नाही.

"थाप यांना मुक्यांच्या भाषेतसुद्धा मारता येते," केसर म्हणाली. ती ओट्याच्या कडेला सूप घेऊन डाळ निवडत बसली होती.

तेजल हसली आणि पिशवीतून तिनं एक पुठ्ठा काढला. त्यावर ग्लासांची चित्रं होती. पहिला ग्लास रिकामा, पुढच्याच्या तळाशी थोडं पाणी, मग अर्धा, असं करत शेवटचा काठोकाठ.

"लहान मुलांना 'कधी कधी', 'बऱ्याचदा' यातला फरक सांगता येत नाही ना, तात्या. म्हणून ही युक्ती. भीती वाटत नसेल तर रिकाम्यावर बोट ठेवायचं, फार वाटत असेल तर भरलेल्यावर."

"युक्ती चांगली आहे," मी म्हणालो. "माझ्या ओळखीची आहे. ठेव ती पिशवीत आणि जरा ऐक."

तेव्हा माझे केस काळे होते आणि माझ्याकडे एक गाढव होतं. मिठाच्या गोण्या घेऊन ते माझ्याआधी बाजारात पोहोचायचं आणि मी येईपर्यंत गिऱ्हाईक थोपवून धरायचं.

"सायकल होती," केसर म्हणाली.

"सायकलच्या आधी गाढव होतं."

"सायकलच्या आधी तुम्ही पायी जायचात."

असो. त्या वर्षी आषाढात उमरकुंडला पाणी आलं. डोंगरावरून नाला फुटून आला, नदीला मिळाला, आणि उजाडलं तेव्हा पाड्याचा खालचा भाग जागेवर नव्हता. घरं नव्हती असं नाही. घरं ज्या जमिनीवर उभी होती ती जमीनच नव्हती. वाचलेली पोरं बाजाराच्या गावी आणली, आश्रमशाळेच्या जुन्या इमारतीत ठेवली. केसर तिथं स्वयंपाकाला लागली. आणि मोठ्या शहरातून एक डॉक्टरीणबाई आल्या. देवस्थळीबाई. मनाच्या डॉक्टर. ठेंगण्या, जाड भिंगांच्या, काही चुकलं की कपाळावर हात मारून स्वतःलाच हसणाऱ्या. बाई हुशार होत्या, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुम्हाला वाटेल की मी शहाणा आणि त्या भाबड्या. तसं नव्हतं. जे चुकलं ते दोघांचं मिळून चुकलं.

त्यांच्याकडे प्रश्नांचा एक ताव होता. बाई मराठीत विचारणार, मी पावरीत विचारणार, पोर उत्तर देणार, मी ते मराठीत आणणार. पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली.

"तुला एकटं एकटं वाटतं का?"

मी विचारलं. समोरचं पोरगं म्हणालं, "कधी? इथं तर आम्ही सगळे एकाच सतरंजीवर झोपतो."

"तसं नाही," बाई म्हणाल्या, "चार माणसांत असूनही एकटं."

मी तेही विचारलं. पोरानं बाईंकडे नीट पाहिलं आणि मला हळूच म्हणालं, "ही बाई आजारी आहे का?"

"काय म्हणतोय?"

"विचार करून सांगतो म्हणतोय."

पुढचा प्रश्न होता, आपलं पुढं काही भलं होणार नाही असं वाटतं का. त्यावर एक पोरगी म्हणाली, ते भगताला विचारा, मला कसं कळणार. बाई कपाळावर हात मारून हसल्या. पण एक प्रश्न असा होता की तो विचारल्यावर कुणीच चेष्टा केली नाही. आठवायचं नसताना तेच ते पुन्हा डोळ्यांपुढं येतं का? पोरं मान हलवायची. येतं. किती वेळा? त्याला उत्तर नाही. जमिनीकडे बघत बसायची.

म्हणून बाईंनी केसरकडून पाच वाट्या मागून आणल्या. एक रिकामी ठेवली, बाकीच्यांत चढत्या मापानं ज्वारी भरली, शेवटची शिगोशीग. एकेका पोराला पुढं बसवायचं आणि मी विचारायचं: पाणी आठवून तुला किती भीती वाटते? या वाटीइतकी, का त्या?

पोरांना हे लगेच कळलं. एकही अडखळलं नाही. आणि एकेकानं येऊन रिकाम्या वाटीवर बोट ठेवलं. फार तर तिच्या शेजारच्या, तळाशी चार दाणे असलेल्या वाटीवर.

"खंबीर आहेत हो पोरं," बाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचा आवाज काही खंबीर नव्हता. कारण पत्र्यावर पावसाची सर वाजली की हीच पोरं उठून भिंतीला पाठ लावून उभी राहायची, एकमेकांची मनगटं धरून. केसर रोज सकाळी चादरी धुवायची.

"रोज," केसर म्हणाली. "हे मात्र खरं आहे."

त्यांत एक रायली होती. असेल आठेक वर्षांची. आई, बाप, आजी, सगळी एका फटक्यात गेली. ती स्वतः उंबराच्या झाडात अडकलेली सापडली, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. त्या मुठीत तिच्या धाकट्या भावाचं, दित्याचं, मनगट होतं, असं ज्यांनी तिला उतरवलं ते सांगत. म्हणजे आधी होतं. सापडली तेव्हा मूठ रिकामी होती, पण ती उघडायला दोन बायका लागल्या.

रायली रडायची नाही. भांडायची नाही. जेवायला बसली की भाकरी मोडायची, अर्धी खायची आणि अर्धी शेजारी पालथ्या वाटीवर ठेवायची. दुपारी बाकीची पोरं खेळायला लागली की ही उठायची आणि नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागायची. पळायची नाही. दळण आणायला निघाल्यासारखी सरळ चालायची. केसरनं तिला कितीदा तरी खालच्या वळणावरून परत आणली. बाईंनी वाट्या मांडल्या तेव्हा रायलीनंही रिकाम्या वाटीवर बोट ठेवलं.

मग तिचा मामा आला. खुमान. उंच, हाडकुळा, डोक्याला टॉवेल बांधलेला. उमरकुंडच्या वरच्या अंगाला त्याचं घर होतं. पाणी त्याच्या अंगणापर्यंत येऊन मागं फिरलं होतं.

"पोर न्यायला आलोय," तो म्हणाला.

बाई मला म्हणाल्या, "सांगा त्यांना, पावसाळा संपेपर्यंत तिला इथंच राहू द्या. तिच्या मनात फार भीती आहे. नदीजवळ नका नेऊ."

मी सांगितलं. खुमाननं व्हरांड्यातल्या वाट्यांकडे पाहिलं. "हे काय आहे?"

बाईंनी समजावून सांगितलं. रिकामी म्हणजे काय, भरलेली म्हणजे काय. तो उकिडवा बसून लक्ष देऊन ऐकत होता. मग त्यानं रायलीला हाक मारली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं. रायलीनं रिकाम्या वाटीवर बोट ठेवलं.

"तुमचंच माप आहे, बाई," खुमान म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट. "बहिणीची पोर आहे माझी. ती बरी असताना परक्याच्या अन्नावर ठेवली तर लोक मला काय म्हणतील? आज बायको बाजारात आहे. उद्या सकाळी जीप मिळते, तेव्हा नेतो."

त्या दिवशी केसर तापानं फणफणली होती, म्हणून संध्याकाळी बाईंनीच वाढायला घेतलं. डाळीचा डाव घेऊन त्या पंगतीतून निघाल्या. पहिल्या पोरासमोर डाव धरला, तसं पोरानं ताटावर आडवा हात धरला. "थोडं." दुसऱ्यानं तेच. तिसरीनं तेच, आणि वर शेजारच्या धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याला घाला, त्याला भरून घाला."

बाई मधेच थांबल्या. डावातली डाळ त्यांच्या पायावर सांडत होती, ते त्यांना कळलं नाही.

"सुपडूभाऊ," त्या म्हणाल्या, "यांच्यात परक्याच्या घरी भरलेली वाटी घेत नाहीत का?"

"कोण घेईल बाई? मग आईनं शिकवलं काय?" मी म्हणालो, आणि माझे शब्द माझ्याच कानात शिरले.

बाईंनी कपाळावर हात मारला. हसल्या. मग हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे वेगळेच झाले. परकं माणूस विचारतंय, समोर धान्य मांडलंय, शहाण्या पोरानं कुठली वाटी दाखवायची? जिला आई-बापानं वळण लावलं ती पोर काय शिगोशीग वाटीवर बोट ठेवणार?

ताटं उचलल्याबरोबर बाईंनी वाट्या पुन्हा मांडल्या. आता प्रश्न बदलला. तुला किती ते सांगू नको, तुझ्या शेजारी बसलेल्याला किती भीती वाटते ते सांग. एकेक पोर आलं आणि प्रत्येकानं भरलेल्या वाटीवर बोट ठेवलं. एकही अपवाद नाही. शेजाऱ्याला कमी कोण दाखवणार? तीच आई, तेच वळण.

"दुपारपर्यंत सगळी ठणठणीत होती," बाई म्हणाल्या, "आता सगळी मरणाच्या भीतीत आहेत. आणि दोन्ही वेळा त्यांनी मला काहीच सांगितलं नाही, सुपडूभाऊ. दोन्ही वेळा ती माझ्याशी फक्त नीट वागली."

शेवटी रायली उरली. ती ओळीच्या टोकाला होती, तिच्या शेजारी कुणी नव्हतं. बाई घुटमळल्या. मग म्हणाल्या, "विचारा, दित्याला किती भीती वाटते."

मला ते विचारायचं नव्हतं. विचारलं.

रायलीनं बोट ठेवलं नाही. तिनं भरलेली वाटी पुढं ओढली आणि बाकीच्या वाट्यांतली ज्वारी एकेक करून तिच्यात ओतायला लागली. ज्वारी फरशीवर सांडली तरी ओतत राहिली.

"तो खाली आहे," ती म्हणाली. "त्याला एकट्याला झोप येत नाही."

"खाली म्हणजे कुठं?"

तिनं नदीकडच्या रस्त्याकडे हात केला.

मी ते मराठीत सांगितलं. माझ्या तोंडून गेलेल्या वाक्यांत मी काही ना काही भर घालतोच, पण त्या वाक्यात काही घातलं नाही आणि काही काढलं नाही. बाई बराच वेळ फरशीवरची ज्वारी गोळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "ही गेली ना त्या घरी, तर ही जाणार. त्याला झोपवायला जाणार."

"मग उद्या तुम्हीच मामाला सांगा की तिनं भरलेली दाखवली."

"तो तिलाच विचारेल. त्याच्या समोर. आणि त्यानं तसं विचारणं बरोबरच आहे, माझ्यावर का विश्वास ठेवावा त्यानं?"

सकाळी जीप येऊन उभी राहिली. केसरचा ताप उतरला होता, ती रायलीसाठी फडक्यात भाकरी बांधत होती. खुमान व्हरांड्यात येऊन बसला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, माझ्या तोंडून. पोरं स्वतःसाठी कमी दाखवतात, दुसऱ्यासाठी जास्त, म्हणून कालचं उत्तर धरू नका.

खुमाननं शांतपणे ऐकलं. "म्हणजे रिकामी दाखवली तरी भीती आहे, आणि भरलेली दाखवली तरी भीती आहे. मग तुमच्या वाटीत माझी पोर बरी कधी होणार, बाई?"

मी त्याला दित्याचं सांगितलं, खाली आहे म्हणते, झोप येत नाही म्हणते.

"माझी बायकोही चुलीपाशी बसून त्याच्याशी बोलते," खुमान म्हणाला. "लहान पोर होतं. लगेच कसं जाईल?" त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "मी दगड नाही. विचारा तिला. माझ्यासमोर, तुमच्याच वाट्या घेऊन. तिनं स्वतःहून भरलेलीवर बोट ठेवलं तर मी एकटा परत जातो आणि दिवाळीला येतो."

बाईंनी वाट्या मांडल्या. एक वाटी कलंडली, ती पुन्हा भरली. रायली समोर येऊन मांडी घालून बसली. केस विंचरलेले, अंगावर इथला झगा, खांद्यावर आम्ही दिलेली चादर. जायला तयार. जीपवाला हॉर्न वाजवत होता.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. आयुष्यभर जमवलेल्या थापा त्या दिवसासाठीच होत्या, असं मला वाटलं.

"रायली," मी म्हणालो, "ही ज्वारी इथली नाही. ही माझ्या गाढवानं भुतांच्या शेतातून आणलीय. तिचा कायदा उलटा आहे. जेवणात एकानं जास्त घेतलं तर दुसऱ्याला कमी पडतं. इथं मात्र कमी पडलेलंच बरं. ही भीतीची ज्वारी. इथं एकानं भरलेली वाटी घेतली की दुसऱ्याची रिकामी होते. तू रिकामी घेतलीस ना, तर भरलेली दित्याकडे जाते. काल तू सगळी ओतलीस, ती त्याच्याच वाट्याला गेली. तू भरलेली घे. मग त्याच्याकडे काही उरणार नाही. मग तो झोपेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे पोरं जशी बघतात तशी नाही. मग वाट्यांकडे पाहिलं. तिचं बोट रिकाम्या वाटीवर गेलं, थांबलं, उचललं गेलं. दुसरीवर. तिसरीवर. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. खुमान पुढं वाकला होता. आणि रायलीनं भरलेल्या वाटीवर नुसतं बोट नाही, सगळा पंजा ठेवला, दाण्यांत बोटं रुतवली आणि म्हणाली, "एवढी. मला एवढी वाटते. माझ्या हातातून तो सुटला."

आणि रडली. उमरकुंडचं पाणी आल्यापासून पहिल्यांदा. खुमान उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकटा जीपमध्ये जाऊन बसला.

तेजलनं पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली. "मग? आता कुठं असते ती?"

"शहाद्याला," मी म्हणालो. "नर्स आहे. दोन पोरं आहेत. मोठ्याचं नाव दित्या ठेवलंय. मागच्या दिवाळीत येऊन गेली, केसरसाठी लुगडं घेऊन..."

"खोटं," केसर म्हणाली.

तिनं सूप खाली ठेवलं होतं. गाढवाच्या वेळी म्हणते तसं ती म्हणाली नव्हती.

"कोण आलं होतं दिवाळीत? ती त्याच जीपमधून मामाबरोबर गेली. भाकरी मीच दिली तिच्या हातात. पोळ्याच्या आधी खुमान आला, चादर धुऊन घडी करून परत द्यायला. पोर नाही राहिली म्हणाला, परक्याची वस्तू घरात कशाला. या पोरीला उद्या मुलांसमोर बसायचंय, अहो. हिला तरी खरं सांगा. तिनं रिकाम्या वाटीवर बोट ठेवलं."

तेजल माझ्याकडे बघत राहिली, मग केसरकडे.

"पण यांनी तिला सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "की आपण भरलेली घेतली की दुसऱ्याची रिकामी होते?"

"ते यांना नंतर सुचलं," केसर म्हणाली.